सगळ्यांनाच होतं, म्हणून...

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या विषयावर बोलायचं आहे, तो कवितेचा विषय नाही. निदान मला तरी आजवर त्यावर एक ओळही लिहिता आलेली नाही. डोहाळ्यांवर आपल्याकडे किती तरी गाणी आहेत. हिरवी साडी नेसलेली, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसलेली गर्भारशी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पण ते चित्र सातव्या महिन्यातलं. त्याआधीचे पहिले तीन महिने, मोरीच्या उंबऱ्याशी उकिडवं बसून काढलेले, त्यांचं गाणं कुणी करत नाही. मला त्या तीन महिन्यांबद्दल बोलायचं आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. पहाटे मोरीतून कोरड्या उमाशांचा आवाज आला. आमची सून नुकतीच गरोदर राहिली होती. मुलगा दाराबाहेर पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. आत जावं की बाहेर थांबावं, हे त्याला कळत नव्हतं. मी स्वयंपाकघरातून सहज म्हणणारच होते, "अगं, सगळ्यांनाच होतं." वाक्य ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. कारण हेच वाक्य मी १९९३ साली याच घरात, याच मोरीत बसून ऐकलं होतं.

आम्ही सोलापूरचे. घरात दखनी बोलतो, दाराबाहेर मराठी. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "सबकोच होता बेटा." दखनीतला हा ‘च’ मराठीतूनच आलेला आहे. दोन्ही भाषांत तो एकच काम करतो. ‘सगळ्यांना होतं’ म्हटलं तर त्यात दिलासा असतो. ‘सगळ्यांनाच होतं’ म्हटलं की बोलणं तिथे संपतं. समोरच्या बाईला पुढे काही सांगायचं उरत नाही.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे आधी सांगते. त्यांची सहा बाळंतपणं घरीच झाली. त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी मला विचारलं नाही. मी बावीस वर्षांची, बी.ए. झालेली, कविता लिहिणारी. पण ‘मला पाणीसुद्धा टिकत नाही’ हे साधं वाक्य मला बोलता आलं नाही. त्या वर्षी रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. मी सगळ्यांबरोबर रोजे धरले. पहाटेचं सहेरीचं जेवण पोटात राहत नसे आणि मग दिवसभर पाण्याचा थेंब नाही. आठव्या दिवशी नळावर कळशी भरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली आणि म्हणाल्या, "अन्न मिळत नाही म्हणून हिचं शरीर स्वतःचीच चरबी जाळतंय." दोन सलाईन लागल्या. 

त्या रात्री आमचे सासरे, जे एरवी सुनांशी फारसं बोलत नसत, दाराशी येऊन म्हणाले, "आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्याची सूट आहे. गरोदर बाईला त्रास होत असेल तर तिलाही आहे. सूट दिलेली असताना ती न घेणं हा काही मोठेपणा नव्हे." ते रोजे मी पुढे सवडीने पूर्ण केले. उपवास मग तो रमजानचा असो, चतुर्थीचा असो की नवरात्राचा. या दिवसांत धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि घरातल्या मोठ्यांनी स्वतःहून ‘नको धरूस’ म्हणावं. मोठ्यांनी म्हटलं की सुनेच्या मनावरचं ओझं उतरतं.

आता थोडी माहिती सांगते. दर दहा गरोदर बायकांपैकी सात-आठ जणींना मळमळ किंवा उलट्यांचा त्रास होतो. साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास तो सुरू होतो, नवव्या-दहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकींना बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत उतार पडतो. इंग्रजीत याला सकाळचा आजार म्हणतात, पण तो घड्याळ बघून येत नाही. कुणाला संध्याकाळी, कुणाला दिवसभर. एखादीला अजिबात होत नाही, तिनेही घाबरू नये. आणि पोटात थोडंफार अन्न-पाणी टिकत असेल, तर या उलट्यांनी बाळाला अपाय होत नाही. उलट्यांवरून मुलगा की मुलगी हे ओळखण्याचा उद्योग मात्र कुणी करू नये.

हे होतं कशामुळे? बरीच वर्षं बाईला सांगितलं गेलं की हे तिच्या मनाचे खेळ आहेत. मार्लेना फेझो नावाच्या अमेरिकन संशोधिकेची हकीकत या बाबतीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९९९ साली त्या गरोदर असताना उलट्यांनी इतक्या खंगल्या की त्यांना जागचं हलता येईना. त्या वाढवून सांगताहेत, असं त्यांच्या डॉक्टरांना वाटलं. त्यांचं ते बाळ गेलं. पुढे त्यांनी याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचं आणि केंब्रिजच्या संशोधकांचं काम ‘नेचर’ या नियतकालिकात आलं. गर्भ आणि वार यांच्याकडून ‘जीडीएफ-१५’ नावाचं एक संप्रेरक आईच्या रक्तात येतं. गरोदरपणाआधी जिच्या रक्तात ते कमी असतं, तिच्या शरीराला त्याची सवय नसते. म्हणून तिला त्रास जास्त होतो. म्हणजे दोन जावांपैकी एक हसत-खेळत कामं उरकते आणि दुसरी अंथरूण धरते, यात एक खंबीर आणि दुसरी नाजूक असं काही नसतं. शरीरं वेगळी असतात, इतकंच.

मग घरच्या घरी काय करता येईल? आमच्या घरी गेल्या वर्षी जे केलं, ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे पोट रिकामं राहू द्यायचं नाही. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. रात्री निजताना सुनेच्या उशाशी एक डबा ठेवू लागलो. त्यात आमच्याकडची कडक भाकरी, म्हणजे पापडासारखी पातळ, वाळवलेली ज्वारीची भाकरी. सोलापूरकरांना ती सांगायला नको. ती नसेल तिथे चुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, खाकरा, साधा टोस्ट, काहीही कोरडं चालेल. सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच दोन तुकडे चावून खायचे, दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं आणि मग सावकाश कुशीवर वळून उठायचं. ताडकन उठलं की चक्कर येते. दिवसभरात दोन मोठी जेवणं करण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायचं.

दुसरी गोष्ट पाण्याची. जेवताना तांब्याभर पाणी प्यायलं की पोट डचमळतं. म्हणून जेवणाआधी-नंतर थोड्या वेळाने, घोट घोट प्यायचं. माठातलं गार पाणी, लिंबाचं सरबत, पातळ ताक, नारळपाणी, तांदळाची पेज, जे जाईल ते. आमच्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पाण्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

तिसरी गोष्ट वासाची. या दिवसांत नाक फार तिखट होतं. लसणाची फोडणी, तळण, मटण शिजतानाचा वास, अत्तर, उदबत्ती, कशानेही ढवळून येतं. आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका आहेत. पोटुशी असताना तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन बसणं म्हणजे काय, ते त्यांना विचारा. त्यांना तर तो वास टाळताच येत नाही. घरातल्या वासावर मात्र उपाय आहे. गार झालेल्या अन्नाला वास कमी येतो. खिडकी उघडी ठेवता येते. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे फोडणी दुसऱ्या कुणी तरी द्यायची. आमच्या मुलाने ते दोन महिने सकाळची भाजी केली. पहिले चार दिवस ती खारट झाली, पण कुणी काही बोललं नाही.

आलं काही जणींना उपयोगी पडतं. आल्याचा लहान तुकडा, आलेपाकाची वडी, लिंबू हुंगणं, हे करून बघायला हरकत नाही. उपाशीपोटी कडक चहा मात्र बऱ्याच जणींना बाधतो. ‘हे पौष्टिक आहे, खायलाच पाहिजे’ म्हणून मागे लागू नये. या काही आठवड्यांत जे टिकेल तेच पौष्टिक. पोषणाची कसर पुढे भरून काढता येते.

उलट्यांखेरीज आणखी बारीकसारीक दुखणी असतात. सर्वांत मोठा त्रास थकव्याचा. आठ तास झोपूनही अंग मोडून येतं. बाहेरून काही दिसत नाही, पोटही आलेलं नसतं, त्यामुळे घरच्यांना तो आळस वाटतो. पण आत शरीराचं केवढं काम चाललेलं असतं! दुपारी अर्धा तास पडणं हा तिचा हक्क समजावा. बद्धकोष्ठ होतं, त्यासाठी पालेभाज्या, फळं, पाणी आणि थोडं चालणं. छातीत जळजळ होते, तेव्हा जेवल्यावर लगेच आडवं होऊ नये, उशी थोडी उंच घ्यावी. लघवीला सारखं जावं लागतं. बाहेर सोय नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात, ते करू नये. लघवीला जळजळ होत असेल किंवा ताप येत असेल, तर मात्र जंतुसंसर्ग असू शकतो, तपासून घ्यावं.

आणखी एक गोष्ट बायका चोरून करतात. माती, राख, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. त्याला आपण डोहाळे म्हणून हसतो. पण पुष्कळदा ती अंगात रक्त कमी असल्याची खूण असते. अशा बाईला हसण्याऐवजी तिचं हिमोग्लोबिन तपासावं.

आता जे करू नये ते. आमच्या भागात मळमळ दाबायला मिश्री लावायची सवय आहे. माझ्या ओळखीची एक बाई पोटुशी असताना दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावायची. म्हणायची, ‘तेवढंच बरं वाटतं.’ मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तंबाखूने बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. तिचं बाळ फार कमी वजनाचं जन्मलं. ते केवळ मिश्रीमुळेच, असं मी म्हणणार नाही. पण तिला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं, आणि सांगू शकणाऱ्यांत मीही होते.

औषधांबाबत आपल्याकडे दोन टोकं दिसतात. काही जण दुकानातून विचारून गोळी आणतात. हे कधीही करू नये. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध बाजारात आलं. गरोदर बायकांनी ते मळमळीवर घेतलं. १९६१ च्या अखेरीला ते तिथे मागे घेतलं जाईपर्यंत अनेक देशांत मिळून हजारो मुलं हातापायांचं व्यंग घेऊन जन्माला आली. पण त्या भीतीने दुसरं टोक गाठायचं कारण नाही. आज मळमळीवर सुरक्षित औषधं आहेत. ब-६ जीवनसत्त्व आणि त्याच्या जोडीला डॉक्सिलामाइन, ही जोडी डॉक्टर बऱ्याच वर्षांपासून देत आले आहेत. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेणं म्हणजे सहनशक्ती कमी पडली असं नव्हे. डोकं दुखतं म्हणून घरातली वेदनाशामक गोळीही मनाने घेऊ नये. आणि पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक अॅसिडची गोळी न चुकता घ्यावी. लोहाच्या गोळ्या साधारण चौथ्या महिन्यापासून सुरू होतात. त्यांनी मळमळत असेल तर बंद न करता डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारावं, घेण्याची वेळ बदलून बघता येते.

आणि आता आजच्या बोलण्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. नेहमीचा त्रास कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो? चोवीस तासांत पाणीही टिकत नसेल. लघवी गडद पिवळी होत असेल किंवा आठ तास झालीच नसेल. उभं राहिलं की चक्कर येत असेल. वजन झपाट्याने उतरत असेल. उलटीत रक्त दिसत असेल, तर लिंबू-आलं करत बसू नका, दवाखाना गाठा. अंगावरून रक्त जाणं, पोटात एका बाजूला तीव्र कळ येणं, घेरी येऊन पडणं, यांपैकी काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

बी.ए.ला असताना मी ‘जेन एअर’ वाचली होती. तिची लेखिका शार्लट ब्राँटे लग्नानंतर वर्षभराच्या आतच, ३१ मार्च १८५५ रोजी वारली. वय अवघं अडतीस. तेव्हा ती गरोदर होती आणि कित्येक आठवडे तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. मृत्यूच्या दाखल्यावर क्षय लिहिलं गेलं. पण अनेक चरित्रकारांना वाटतं की ती या न थांबणाऱ्या उलट्यांनीच गेली. शिकताना कुणी मला हे सांगितलं नव्हतं. पुढे वाचलं तेव्हा मला माझ्या त्या दोन सलाईन आठवल्या. ब्राँटेच्या काळी सलाईन अशी सहज मिळत नव्हती. आज ती तालुक्याच्या गावातही मिळते. आज अडतं ते बाईच्या न सांगण्यापाशी आणि घरच्यांच्या न विचारण्यापाशी.

न सांगण्याचं एक कारण आपली रीत आहे. तीन महिने पुरे झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही. दृष्ट लागते म्हणतात. या रीतीमागे एक खरी भीती आहे. लक्षात आलेल्या दर दहा गर्भांपैकी एक-दोन पहिल्या काही महिन्यांत टिकत नाहीत, आणि ते दुःख चारचौघांत सांगावं लागू नये, असं बाईला वाटतं. हे मी समजू शकते. पण परिणाम असा होतो की ज्या तीन महिन्यांत मदतीची गरज सर्वांत जास्त, त्याच तीन महिन्यांत ती बाई एकटी असते. ऑफिसात ‘पित्त झालंय’ म्हणते, शेतात ‘ऊन लागलं’ म्हणते. सगळ्या गावाला सांगू नका, पण निदान दोन माणसांना सांगा. एक घरातलं आणि एक कामाच्या ठिकाणचं. आणि तिसरी म्हणजे डॉक्टर किंवा आशाताई. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवून घ्या.

घरातल्या पुरुषांनाही एक सांगते. हा बायकांचा विषय आहे असं म्हणून अंगणात जाऊन बसू नका. तिची मळमळ तुम्हाला वाटून घेता येणार नाही, पण फोडणी, बादली आणि दवाखान्याची फेरी वाटून घेता येते.

त्या पहाटेकडे परत येते. ओठांवर आलेलं वाक्य मी गिळलं. मोरीत गेले, सुनेच्या पाठीवर हात ठेवला. तिने तोंड धुतलं, तेव्हा विचारलं, "काल रात्रीपासून पोटात काय काय राहिलं, सांग बरं." ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अम्मी, काहीच नाही. परवापासून काहीच नाही." दोन दिवस आम्ही एका घरात होतो आणि मला ते माहीत नव्हतं. त्याच सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. औषध मिळालं, सलाईनची वेळ आली नाही. यथावकाश नात झाली. आता ती पहाटे सगळ्या घराला उठवते.

श्रोतेहो, तुमच्या घरात, शेजारात, कामावर अशी कुणी असेल तर तिला एवढंच विचारा: "तुला काय होतंय?" आणि विचारल्यावर तिचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबा. सगळ्यांना होतं हे खरं. पण ज्या वेळी तिला होत असतं, त्या वेळी ते तिचं एकटीचं असतं.